बर्फाच्या रेषेत आणि रेषेला आडवं: फिंगर लेक्सच्या कच्च्या रस्त्यांवर सात महिने

एप्रिलच्या शेवटी ग्रॅव्हल सायकल, म्हणजे खडी-मातीच्या रस्त्यांसाठीची जाड टायरची सायकल, घेतली आणि नोव्हेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात ती भिंतीला टांगली. मधल्या काळात न्यूयॉर्क राज्यातल्या फिंगर लेक्स भागात दोनेक हजार किलोमीटर फिरून झाले, त्यातले निम्म्याहून जास्त खडी, मुरूम आणि मातीवर. पहिल्याच महिन्यात हा अनुभव लिहायला बसले होते. तेव्हा आळस केला ते बरं झालं, कारण त्यातलं बरंच आता खोडावं लागलं असतं.

सुरुवातीला मी मार्ग ठरवायचे ते अंतर बघून. मे महिन्यातल्या एका रविवारी सेनेका तलावाच्या काठावरून निघायचं, मधली डोंगरधार ओलांडून कयुगा तलावावर उतरायचं आणि तसंच परत यायचं, असा बेत केला. जाऊन-येऊन ५० किलोमीटर. नकाशावर हे दोन तलाव हाताच्या दोन बोटांसारखे शेजारी शेजारी दिसतात. प्रत्यक्षात सेनेकाचं पाणी समुद्रसपाटीपासून १३६ मीटरवर, मधली धार ५०० मीटरच्या वर आणि कयुगाचं पाणी ११६ मीटरवर. म्हणजे जाताना एकदा चढा, उतरा, आणि परतताना पुन्हा तेच. घरी पोहोचले तेव्हा जिना चढायचीही इच्छा नव्हती. पुढच्या शनिवारी त्याच धारेच्या माथ्यावरून दक्षिणेकडून उत्तरेकडे आणि परत असे ७० किलोमीटर केले, आणि संध्याकाळी उभ्याने स्वयंपाक केला.

हे का होतं ते नंतर डोक्यात शिरलं. इथे एकूण ११ तलाव आहेत, बहुतेक सगळे लांबट आणि साधारण दक्षिणोत्तर. हिमयुगात उत्तरेकडून आलेल्या बर्फाने आधीच्या नद्यांची खोरी खरवडून खोल केली आणि परत जाताना खोऱ्यांच्या दक्षिण तोंडांशी गाळ-दगडांचे हिमोढ टाकून ती बुजवली. खरवड किती, तर सेनेका १८८ मीटर खोल आहे, म्हणजे त्याचा तळ समुद्रसपाटीच्याही खाली गेलेला. एवढं झाल्यावर जमिनीला लाकडासारखी रेषा आली. रेषेबरोबर रंधा मारला तर सरसर जातो, आडवा मारला की अडकतो. आता मी नकाशा उघडला की आधी मार्ग कुठल्या दिशेला जातो ते बघते, किलोमीटर नंतर.

त्यात इथल्या रस्त्यांची एक वेगळीच खोड आहे. अमेरिकन स्वातंत्र्ययुद्धानंतर सैनिकांना द्यायला ही जमीन चौकोनी तुकड्यांत आखली गेली आणि गावांना ग्रीक-रोमन नावं दिली गेली: ओव्हिड, रोम्युलस, हेक्टर, युलिसीस. नावं वाचायला मजा येते. पण आखणी पट्टीने केल्यासारखी असल्यामुळे रस्तेही सरळ. आपल्या घाटात रस्ता डोंगराला वळसे घालत चढतो. इथे तो शिडी टेकवल्यासारखा थेट वर जातो. काही चढ १५ टक्क्यांच्या वर आहेत आणि ते मोकळ्या खडीवर आहेत. उभं राहून पॅडल मारलं की मागचं चाक घसरतं, बसून मारलं की पुढचं उचलतं. सायकलबरोबर आलेलं ४० दातांचं पुढचं चक्र मी जूनमध्ये काढून ३६चं बसवलं. हा खर्च पहिल्या दिवशीच करायला हवा होता.

रेषेला आडवा जाऊनही सोपा असा एकच मार्ग मला सापडला, आणि तोच सगळ्यांत लाडका ठरला: क्युका आउटलेट ट्रेल. क्युका तलाव इंग्रजी वाय अक्षरासारखा फाटलेला आहे, म्हणून त्याला पूर्वी ‘वाकडा तलाव’ असंच म्हणत. त्याचं पाणी पूर्वेला सेनेकात उतरतं. पेन यान ते ड्रेस्डेन अशा सुमारे ११ किलोमीटरमध्ये ८२ मीटर उतार. डोंगर कापायचं काम ओढ्याने आधीच करून ठेवलंय, आपण फक्त त्याच्या कडेने जायचं. इथे १८३३ मध्ये कालवा झाला, पंचवीसहून जास्त पाणदरवाज्यांचा. तो काही परवडला नाही. १८७७ मध्ये बंद पडला. मग त्याच्या काठावरून रेल्वे टाकली, आणि १९७२ मध्ये ॲग्नेस वादळाच्या पुराने तिचीही वाट लावली. उरली ती ही पायवाट. वाटेत जुन्या गिरण्यांचे अवशेष आणि धबधबे लागतात. मी सहा-सात वेळा तरी गेले असेन, दर वेळी कुठल्या तरी भिंतीजवळ थांबून राहिले. जमीन मात्र एकसारखी नाही: कुठे दाबून बसलेली बारीक कच, कुठे मुळं, पावसानंतर कुठे सरळ चिखल. ज्यांना गुळगुळीत ट्रेल हवी त्यांची निराशा होईल.

गुळगुळीत हवी असेल तर ब्लॅक डायमंड ट्रेल. इथाकाच्या कॅस पार्कपासून टॉगॅनॉक फॉल्स स्टेट पार्कपर्यंत साडेतेरा किलोमीटर, जुन्या रेल्वेमार्गावर, वर दगडाची कच. ‘ब्लॅक डायमंड’ म्हणजे कोळसा. लेहाय व्हॅली रेल्वेची त्याच नावाची एक्सप्रेस इथून १९५९ पर्यंत धावायची. जाताना चढ आहे हे कळतही नाही, फक्त परतताना लक्षात येतं की बराच वेळ आपण पाय मारलेले नाहीत. शेवटाला ६५ मीटरचा धबधबा, नायगाऱ्यापेक्षा उंच. पाणी मात्र ऑगस्टमध्ये नळाच्या धारेइतकं. ग्रॅव्हल म्हणून बघायचं तर मला ही ट्रेल थोडी कंटाळवाणी वाटते. पण नवऱ्याला, जो सायकलवर वर्षातून चारदा बसतो, तिथेच नेता आलं. सुट्टीच्या दिवशी माणसं आणि कुत्री भरपूर असतात, त्यामुळे घंटी लावा आणि वेगाचं विसरा. वॉटकिन्स ग्लेनहून हॉर्सहेड्सकडे जाणारी कॅथरीन व्हॅली ट्रेलही याच जातीची. सावली छान, बाकी विशेष काही नाही.

खरा ग्रॅव्हल आहे तो सेनेका आणि कयुगा यांच्या मधल्या धारेवर, फिंगर लेक्स नॅशनल फॉरेस्टमध्ये. साडेसहा हजार हेक्टरच्या आसपासचं हे जंगल, आणि जंगल म्हणावं तर मध्ये मध्ये कुरणं. पूर्वी इथे शेती होती. माथ्यावरची जमीन हलकी, कस लवकर संपला, आणि १९३०च्या दशकातल्या मंदीत शेतकरी टेकीला आले तेव्हा सरकारने शंभरावर शेतं विकत घेतली. आज झाडीत घरांचे दगडी पाये दिसतात, एखादं रानटी झालेलं सफरचंदाचं झाड दिसतं. कुरणात अजूनही गुरं चरतात, तेव्हा फाटक उघडलं तर मागे लावून घ्यायचं. माथ्यावर एकदा चढलात की उत्तर-दक्षिण तासन् तास हलका चढ, हलका उतार. वारा असतो. दुकान नसतं. मी दोन बाटल्यांवर सुरू केलं आणि जुलैत तिसरी लावली.

एप्रिल-मेमधला अनुभव वेगळा लिहायला हवा. इथे कित्येक छोट्या रस्त्यांवर पाटी असते: हंगामी वापराचा रस्ता, १ डिसेंबर ते १ एप्रिल देखभाल नाही. मला वाटलं, एप्रिल उजाडला म्हणजे रस्ता तयार. तसं काही नसतं. वरचा थर वितळलेला, खालचा अजून गोठलेला, आणि मधलं पाणी जायला जागा नाही. ट्रॅक्टरने पाडलेल्या चाकोऱ्यांमध्ये टायर आणि फ्रेम यांच्या मधे चिखल असा ठासून भरला की चाक फिरेना. दोन किलोमीटर सायकल खांद्यावर. नकाशाच्या ॲपने तो रस्ता हिरव्या रंगात दाखवला होता. दुसऱ्या एका ठिकाणी त्याच ॲपने मला रस्ता म्हणून चक्क ओढ्यात नेलं. ओढा कोरडा होता, एवढाच त्याचा उपकार. आता मेच्या मध्याआधी मी धारेवर जात नाही, काठालगतच्या ट्रेलवर भागवते.

टायरबद्दल बरेच जण विचारतात. मी ४० मिलिमीटर रुंदीचे, ट्यूबलेस (आत ट्यूब नसलेले), ४० पीएसआय हवेच्या दाबावर सुरू केले. हात बधिर व्हायचे. हळूहळू ३० पर्यंत आणले तेव्हा उतारावर पकड आली. पंक्चरपेक्षा बाजूची भिंत कापली जाणं ही इथली खरी अडचण, कारण खडक शेलचा आहे, पापुद्रे निघणारा, आणि त्याच्या तुकड्यांना ब्लेडसारखी धार असते. दोनदा कापलं. पहिल्यांदा सीलंटने, म्हणजे टायरच्या आत भोक बुजवायला घातलेल्या द्रवाने, भागलं, दुसऱ्यांदा आतून ठिगळ लावून ट्यूब घालावी लागली. उन्हाळ्यात आणखी एक त्रास: छोटे डांबरी रस्ते दुरुस्त करताना डांबर फवारून वर मोकळी खडी टाकतात. खऱ्या कच्च्या रस्त्यापेक्षा हे वाईट, कारण आपण डांबराच्या भरवशावर वेगात असतो. गुडघ्यावरची खूण अजून आहे.

यट्स काउंटीत मेनोनाइट शेतकऱ्यांची वस्ती आहे, जुन्या साध्या राहणीला धरून असलेला हा ख्रिस्ती पंथ. घोडागाड्या दिसतात, आणि त्यांच्यातल्या एका गटाचे ट्रॅक्टर लोखंडी चाकांचे असतात. त्यांचे आडवे ठसे रस्त्यावर उमटलेले असले की सायकल थरथरत जाते. पण तेच लोक सायकलीही वापरतात. एका सकाळी लांब झगा आणि डोक्याला टोपडं बांधलेली एक बाई साध्या सायकलवरून, मागे टोपली लावून, मला चढावर मागे टाकून गेली. माझ्या सायकलच्या कार्बनच्या फोर्कचं (पुढचं चाक धरणाऱ्या दुभागी दांड्याचं) तेव्हा फार वाईट वाटलं.

सगळ्यांत चांगला काळ सप्टेंबरचा मध्य ते ऑक्टोबरची अखेर. रस्ते घट्ट बसलेले, गवत उतरलेलं. सेनेका इतका खोल की सहसा गोठत नाही, उन्हाळ्याची ऊब धरून ठेवतो. म्हणूनच उतारांवर द्राक्षबागा आहेत. सायकलवर हे अंगाला कळतं. ऑक्टोबरच्या शेवटी धारेवर कुरण पांढरं पडलं होतं, बोटं वळत नव्हती; वीस मिनिटांत काठावर उतरले तर हातमोजे काढून खिशात घालावे लागले. गवतातून जाणं झालं असेल तर घरी आल्यावर पायांवर गोचीड शोधायला मात्र विसरू नका, गोचीड चावून होणारा लाइम आजार इथे आहे.

नोव्हेंबरच्या तिसऱ्या शनिवारी बंदुकीने हरणांच्या शिकारीचा मुख्य हंगाम सुरू होतो. त्या सकाळी भडक नारिंगी जाकीट घालून शेवटची फेरी केली, जंगलात न शिरता, रोम्युलसजवळच्या जुन्या लष्करी डेपोच्या कुंपणालगत. आत पांढऱ्या हरणांचा कळप आहे म्हणतात ते खरं आहे. एक दिसलं, तेही पाठमोरं. परत येऊन टायर उतरवले तर मागच्या टायरमध्ये सीलंट वाळून त्याचे गोळे झालेले. पुढच्या हंगामासाठी ४५चे मागवलेत, फ्रेममध्ये मावतात का ते आधी पट्टी लावून बघितलं.