कंपनीचे नाव राखून ठेवण्याची सेवा: ‘स्पाइस प्लस’ अर्जाच्या ‘भाग अ’चे परीक्षण

केंद्र सरकारच्या कॉर्पोरेट व्यवहार मंत्रालयाने २३ फेब्रुवारी २०२० पासून सुरू केलेल्या ‘स्पाइस प्लस’ या ऑनलाइन अर्जाचा पहिला भाग केवळ नव्या कंपनीचे नाव तपासून राखून ठेवण्यासाठी आहे. खाद्यपदार्थांची प्रायव्हेट लिमिटेड कंपनी स्थापन करण्याच्या निमित्ताने मी ही सेवा वापरली. ठरवून दिलेल्या कामापुरती ती निश्चितच चांगली आहे. परंतु तिच्याकडून मिळणाऱ्या मंजुरीचा अर्थ अनेक नवउद्योजक प्रत्यक्षापेक्षा फार मोठा लावतात, आणि म्हणूनच हे परीक्षण थोडे सविस्तर लिहीत आहे.

अर्ज लहान आहे. कंपनीचा प्रकार आणि वर्ग, व्यवसायाचा एनआयसी कोड (सरकारी वर्गीकरणातील त्या व्यवसायाचा क्रमांक), मुख्य कामाचे वर्णन आणि पसंतीक्रमाने दोन नावे एवढेच भरायचे असते. या टप्प्यावर डिजिटल सही लागत नाही. शुल्क १,००० रुपये असून नाव नाकारले गेले तर ते परत मिळत नाही. त्रुटी दुरुस्त करून अर्ज पुन्हा सादर करण्याची एक संधी मात्र १५ दिवसांच्या मुदतीत मिळते. पूर्वीच्या आयएनसी-१ अर्जात सहा नावे सुचवता येत असत, त्या मानाने दोन हा आकडा तोकडा वाटतो. तरीही सहा नावांची यादी अर्ध्या मनाने भरण्यापेक्षा दोन नावांचा कसून अभ्यास करणे भाग पडते, हे मला अर्जदाराच्या हिताचेच वाटते. छाननी हरियाणातील मानेसर येथील केंद्रीय नोंदणी केंद्रात होते, त्यामुळे अर्जदार कोणत्याही राज्यातला असला तरी कार्यालय एकच असते.

खरे कष्ट आहेत ते शुल्क भरण्याआधीच्या तपासणीत. मंत्रालयाच्या संकेतस्थळावर अस्तित्वात असलेल्या कंपन्यांची आणि एलएलपींची (मर्यादित दायित्वाच्या भागीदारी संस्थांची) नावे शोधता येतात, आणि बहुतेक जण इच्छित नाव जसेच्या तसे टाकून, काही आढळले नाही की निश्चिंत होतात. हे पुरेसे नाही. कंपनी स्थापना नियम, २०१४ मधील आठवा नियम ‘सारखे नाव’ कशाला म्हणायचे हे बारकाईने सांगतो: एकवचन-अनेकवचनाचा फरक, विरामचिन्हे, शब्दांमधली मोकळी जागा, शब्दांचा उलटसुलट क्रम, उच्चार तोच ठेवून बदललेले स्पेलिंग, शेवटी जोडलेले गावाचे नाव किंवा ‘डॉट कॉम’ यांपैकी कशानेही नाव वेगळे ठरत नाही. इंग्रजी नावाचे हुबेहूब हिंदी भाषांतरही चालत नाही.

मराठी नावांच्या बाबतीत यातला स्पेलिंगचा मुद्दा सर्वांत अडचणीचा ठरतो, कारण अर्ज रोमन अक्षरांत असतो आणि आपल्या शब्दांचे रोमन स्पेलिंग कधीच एकसारखे नसते. ‘श्री’ तीन प्रकारे लिहिली जाते; ‘ज्ञान’ची सुरुवात कोणी डीएनने, कोणी जीवायने, तर कोणी जेएनने करतो; ‘वैभव’मध्ये कुठे व्ही असतो, कुठे डब्ल्यू, आणि शेवटी ए असेल की नाही हे लिहिणाऱ्यावर अवलंबून असते. म्हणून प्रत्येक नाव किमान चार-पाच स्पेलिंगांनी आणि प्रत्येक शब्द सुटा करून शोधावा, असा माझा आग्रह आहे. बंद पडून नोंदवहीतून काढून टाकलेल्या कंपनीचे नावही राजपत्रातील प्रसिद्धीनंतर २० वर्षे इतरांना मिळत नाही, तेव्हा शोधात ‘स्ट्राइक ऑफ’ असा शेरा असलेले नाव दिसले तर ते मोकळे झाले असे समजू नये. ‘नॅशनल’, ‘बोर्ड’, ‘कमिशन’ अशा शब्दांना केंद्र सरकारची पूर्वपरवानगी लागते. ‘बँक’ किंवा ‘इन्शुरन्स’साठी संबंधित नियामकाची. लहान उद्योगाने या वाटेला जाऊच नये.

दुसरी तपासणी ट्रेडमार्कची. ती बौद्धिक संपदा कार्यालयाच्या सार्वजनिक शोध सुविधेत विनामूल्य करता येते, आणि माझ्या मते कंपनीच्या नावाच्या शोधापेक्षाही ती आधी करायला हवी. वस्तू आणि सेवांचे ४५ वर्ग आहेत, आणि एकाच व्यवसायाचा माल वेगवेगळ्या वर्गांत विभागलेला असू शकतो: लोणची २९व्या वर्गात, मसाले आणि पापड ३०व्या वर्गात, तर उपाहारगृहाची सेवा ४३व्या वर्गात येते. लोणच्यांसाठी नाव तपासले आणि मसाल्यांचा वर्ग पाहायचाच राहिला, तर उद्या मालाच्या पाकिटावर तेच नाव छापताना अडचण उभी राहते. त्याच सुविधेत उच्चारसाधर्म्यावरून शोधण्याची सोय आहे. मराठी नावांसाठी ती अत्यंत उपयुक्त आहे. कंपनीच्या नावांच्या शोधातही ती तितक्याच स्पष्टपणे उपलब्ध असती, तर कितीतरी अर्जदारांचे पैसे वाचले असते.

हा क्रम महत्त्वाचा का आहे, हे कंपनी कायद्याच्या १६व्या कलमावरून कळते. नाव मंजूर झाले, कंपनीची नोंदणी झाली, पाट्या रंगवल्या, तरीही आधीपासून नोंदलेल्या ट्रेडमार्कचा मालक तीन वर्षांच्या आत हरकत घेऊ शकतो, आणि ती मान्य झाल्यास नाव बदलण्याचा आदेश निघतो. आदेश पाळला नाही तर सरकार स्वतःच कंपनीला नवे नाव देते, ज्यात आदेश पाळला नसल्याची खूण, वर्ष आणि अनुक्रमांक असतो. असे नाव घेऊन बँकेत किंवा ग्राहकासमोर उभे राहण्याची वेळ कोणावरही येऊ नये. तेव्हा मानेसरहून आलेली मंजुरी म्हणजे नोंदवहीत त्या नावाची जागा ठरावीक काळापुरती मिळाली, इतकेच समजावे. पाकिटावरच्या नावाचा हक्क हवा असेल तर टीएम-ए हा ट्रेडमार्क नोंदणीचा अर्ज स्वतंत्रपणे करावा लागतो. ऑनलाइन अर्जासाठी व्यक्ती, स्टार्टअप आणि लघुउद्योग यांना त्याचे शुल्क प्रत्येक वर्गासाठी ४,५०० रुपये आहे. संकेतस्थळाचा पत्ता अर्थातच त्याच दिवशी घेऊन टाकावा.

एकट्याच्या मालकीचा व्यवसाय करणाऱ्यांना ही सेवा लागू नाही. गुमास्ता किंवा उद्यम नोंदणीवर व्यवसायाचे नाव येते, पण त्यामुळे ते दुसऱ्याने वापरू नये असा हक्क निर्माण होत नाही. त्यांच्यासाठी ट्रेडमार्क हाच खरा मार्ग आहे.

या सेवेतील मला सर्वांत खटकणारी गोष्ट म्हणजे मुदत. मंजुरीच्या तारखेपासून नाव फक्त २० दिवस राखलेले राहते. एलएलपीचे नाव २०० रुपयांत तीन महिने राखता येते, हे पाहिल्यावर हा फरक कशासाठी, असा प्रश्न पडतोच. या २० दिवसांत संचालकांच्या डिजिटल सह्या, कंपनीची नियमावली, जागामालकाचे ना-हरकत पत्र आणि दोन महिन्यांपेक्षा जुने नसलेले वीजबिल जमवून प्रत्यक्ष कंपनी नोंदणीचा ‘भाग ब’ सादर करायचा असतो. जागामालक परगावी असेल तर एवढ्या एका पत्रासाठी आठवडा जातो. म्हणून ही कागदपत्रे हाताशी आल्यावरच नावाचा अर्ज करणे शहाणपणाचे आहे. तरीही उशीर होणार असे दिसले, तर २० दिवस संपण्याआधी १,००० रुपये भरून ही मुदत ४० दिवसांपर्यंत आणि ते ४० दिवस संपण्याआधी आणखी २,००० रुपये भरून ६० दिवसांपर्यंत वाढवता येते. सुरुवातीलाच ३,००० रुपये भरून थेट ६० दिवस घेण्याचाही पर्याय आहे. मुदतीत यांपैकी काहीच केले नाही तर नाव पुन्हा सर्वांसाठी खुले होते आणि अर्ज, शुल्क व छाननी हे सारे पहिल्यापासून करावे लागते.