किडनीची फाईल आणि फोनवरची ताई : नऊ महिन्यांचा अनुभव

आमच्या ह्यांना किडनी मी दिली. ऑपरेशन होऊन सहा महिने झाले आणि त्याआधीचे तीन महिने परवानगीच्या कागदांची फाईल करण्यात गेले. या सगळ्या काळात हॉस्पिटलच्या प्रत्यारोपण विभागातली एक ताई फोनवर आमच्यासोबत होती. हॉस्पिटल पुण्यात, आम्ही विट्याजवळच्या गावात आणि ताई लातूरला, तिच्या घरून काम करणारी. तिला मी अजून समोरासमोर पाहिलेलं नाही. घरात किडनीचा पेशंट आहे आणि ‘असं फोनवरून काय होणार’ असं ज्यांना वाटतं, त्यांच्यासाठी हे लिहितेय. मलाही आधी तसंच वाटलं होतं.

ती डॉक्टर नाही की नर्स नाही. वॉर्डात येऊन पेशंटला भेटणाऱ्या समन्वयक मॅडम वेगळ्या. ताईचं काम कागदांचं, तारखांचं आणि आठवण करून देण्याचं. पहिल्याच फोनवर तिने सांगितलं, ‘औषधाचं काही विचारलंत तर मी उत्तर देणार नाही, पण ज्यांनी द्यायला हवं त्यांच्यापर्यंत तुमचा प्रश्न पोचवीन.’ नऊ महिन्यांत तिने हा शब्द मोडला नाही. एकदा शेजारणीने पपनस आणून दिलं, ह्यांना चालेल का म्हणून मी विचारलं. तिने लगेच आहारतज्ज्ञ मॅडमना कळवलं आणि तासाभरात त्यांचाच फोन आला : अजिबात नको, त्याने रक्तातली गोळीची लेव्हल वाढते.

खरी कसोटी लागली ती कागदपत्रांत. 1994 च्या अवयव प्रत्यारोपण कायद्यात नवरा-बायको जवळचे नातेवाईक धरतात, त्यामुळे आम्हाला वाटलं होतं की सही केली की झालं. पण आईने मुलाला किडनी दिली तर नातं रक्ताच्या तपासणीत दिसतं. नवरा-बायकोचं नातं कुठल्याच तपासणीत दिसत नाही, ते कागदावरच दाखवावं लागतं. आणि माझे कागद एकमेकांशी जुळत नव्हते.

लग्नात माझं नाव बदललं. ताटातल्या तांदळावर ह्यांनी अंगठीने नवं नाव लिहिलं, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या आणि तेव्हापासून सासरी तेच नाव. पण शाळेचा दाखला माहेरच्या नावाचा. रेशनकार्डावर सासरचं नाव. आधारवर सासरचंच, पण आडनावात एक अक्षर चुकलेलं. लग्नाची नोंद कुणी केलीच नव्हती. ताईने व्हिडिओ कॉल लावला आणि म्हणाली, ‘काकू, घरात असतील नसतील ते सगळे कागद सतरंजीवर पसरा आणि मला एकेक दाखवा.’ दीड तास ती बघत होती. जुनी लग्नपत्रिका, फिकट झालेले लग्नातले फोटो, दोन्ही मुलांचे जन्मदाखले. मग तिने कुठे आधी जायचं आणि कुठे नंतर, ते क्रमाने सांगितलं. पहिल्यांदा ग्रामपंचायत, कारण विवाहनोंदणीचं काम ग्रामसेवकांकडे असतं. लग्न लावणारे भटजी वारलेले, म्हणून साक्षीदार आणि प्रतिज्ञापत्र. त्यानंतर नावबदलाचं राजपत्र, मग आधारची दुरुस्ती. हा क्रम चुकला असता तर प्रत्येक खिडकीवरून परत आलो असतो. ह्यांचं डायलिसिस आठवड्यातून तीनदा. मधल्या दिवसांत माझ्याकडे हेलपाटे घालायला वेळ किती होता, ते ज्यांच्या घरी डायलिसिस आहे त्यांना सांगायला नको.

फुले जन आरोग्य योजनेचं कामही तिनेच मार्गी लावलं. किडनी प्रत्यारोपणासाठीची मर्यादा 2023 मध्ये 2.5 लाखांवरून 4.5 लाख झाली, हे आम्हाला तिच्याकडून कळलं. आम्ही जुन्याच आकड्यावर हिशोब मांडून कर्जाची बोलणी करत होतो.

किडनी द्यायला परवानगी देणाऱ्या समितीपुढे जायच्या आदल्या दिवशी तिने मला एकटीला फोन केला. उद्या काय काय होईल ते सांगितलं : मुलाखतीचं चित्रीकरण होतं, देणारी बाई असेल तर तिची इच्छा वेगळी विचारतात, ह्यांना बाहेर बसवतील. मी म्हटलं, मग मी काय बोलू? ती म्हणाली, ‘ते मी नाही शिकवणार काकू. मनात असेल तेच सांगा. आणि मनात ‘नाही’ असेल, तर ते सांगायचीही हीच जागा आहे.’ नऊ महिन्यांत मला हे इतक्या स्पष्ट शब्दांत सांगणारी तीच एकटी. घरातल्या कुणी विचारलं नव्हतं. माझं उत्तर ‘हो’च होतं, पण ते कुणीतरी विचारल्यावर द्यायला मिळालं.

आता तक्रारी.

शरीराने नवी किडनी नाकारू नये म्हणून ह्यांना रोज टॅक्रोलिमसची गोळी असते. ऑपरेशननंतर तिची लेव्हल, म्हणजे रक्तातलं प्रमाण, तपासावी लागते. सुरुवातीला आठवड्यातून दोनदा, मग हळूहळू कमी. हे रक्त सकाळची गोळी घ्यायच्या आधी द्यायचं असतं, रात्रीच्या गोळीनंतर बारा तासांनी. ताई आठ दिवस रजेवर होती आणि तिच्या जागी आलेल्या मुलाचा मेसेज आला, ‘उद्या लेव्हल आहे, वेळेवर या.’ गोळीबद्दल एक अक्षर नाही. ह्यांनी नऊची गोळी घेतली आणि साडेदहाला रक्त दिलं. लेव्हल भलतीच वर आली. डॉक्टरांनी डोस कमी करायच्या आधी ‘गोळी घेऊन आला होता का’ असं विचारलं, म्हणून निभावलं. डोस उगाच कमी झाला असता तर शरीर किडनी नाकारू शकतं. मी त्या दिवशी खूप रडले आणि लेखी तक्रार केली. ताई परत आल्यावर तिने कारणं दिली नाहीत, मेसेजच बदलला. आता असा येतो : ‘सकाळची गोळी घेऊ नका. पिशवीत सोबत ठेवा. रक्त दिल्यावर लगेच घ्या.’ हा मेसेज सगळ्याच पेशंटना जातो.

दुसरा प्रसंग नळीचा. लेव्हलचं रक्त जांभळ्या टोपणाच्या नळीत घ्यावं लागतं. तालुक्याच्या लॅबमधल्या मुलाने लाल टोपणाच्या नळीत घेतलं, पुण्याहून सॅम्पल परत आलं आणि दोन दिवस वाया गेले. तेव्हापासून ताई आदल्या दिवशी स्वतः लॅबला फोन करते आणि मी नळी हातात घेऊन टोपण बघते.

रविवारी मात्र कुणीच मिळत नाही, तातडीचा नंबर थेट वॉर्डात लागतो आणि तिथे आपली फाईल कुणाला माहीत नसते. शिवाय सगळं काम स्मार्टफोनवर. माझ्या मुलाने शिकवलं म्हणून मला जमलं, पण डायलिसिसला ह्यांच्या शेजारच्या खाटेवर एक आजोबा असायचे, त्यांच्याकडे साधा फोन. त्यांच्यासारख्यांसाठी हॉस्पिटलने काहीतरी सोय करायलाच हवी.

एक सावधगिरीची गोष्ट. फाईल चालू असताना अनोळखी माणसाचा फोन आला, ‘बायकोला कशाला त्रास, पैसे द्या, किडनीची व्यवस्था करतो.’ मी ताईला कळवलं. तिने विभागप्रमुखांना सांगितलं आणि आम्हाला बजावलं की अवयवाच्या खरेदी-विक्रीला पाच ते दहा वर्षांची कैद आहे. ताईने आजवर स्वतःच्या खात्यावर एक रुपया मागितला नाही, कागदसुद्धा हॉस्पिटलच्याच लिंकवर मागवले. कुणी वेगळं काही मागितलं तर आधी हॉस्पिटलला फोन करा.

आणि मला सगळ्यात जवळची वाटलेली गोष्ट. ऑपरेशननंतर घरात, पाहुण्यांत, फोनवर, सगळे ह्यांचीच चौकशी करतात, आणि ते बरोबरही आहे. तिसऱ्या महिन्यात ताईचा फोन आला, ‘काकू, तुमचं क्रिएटिनिन, लघवीची तपासणी आणि बीपी राहिलंय.’ मी म्हटलं, मला काय झालंय? ती म्हणाली, ‘तुम्हालाही आता एकच किडनी आहे.’ तिच्या यादीत माझं नाव वेगळ्या ओळीवर होतं, माझ्या तारखा वेगळ्या.

येत्या गुरुवारी ह्यांची लेव्हल आणि माझ्या तपासण्या एकाच दिवशी लावून घेतल्यात, म्हणजे एका एसटीच्या फेरीत दोघांचं होईल. तिने लॅबला आत्ताच फोन करून ठेवलाय.