संत्र्याच्या सालीचं बायोएन्झाइम: आठ महिने झाले, आणि ओट्यावरचा तो डाग

ओट्याला पॉलिश मारणाऱ्याने परवा जो आकडा सांगितला, तो ऐकून हे लिहायला बसले. तेवढ्या पैशात फरशी पुसायचं दुकानातलं लिक्विड दोन वर्षं पुरलं असतं.

बायोएन्झाइम म्हणजे साली गुळाच्या पाण्यात आंबवून घरीच केलेलं साफसफाईचं पाणी. कृती सगळ्यांना पाठ आहेच: 100 ग्रॅम गूळ, 300 ग्रॅम साली, 1 लिटर पाणी, 90 दिवस. जानेवारीत संत्री घरात पिशवी-पिशवीने येत होती. साली फुकट, म्हणून मी प्लास्टिकच्या बाटलीत घालून ओट्याच्या कोपऱ्यात ठेवलं. पहिला महिना रोज झाकण सैल करून गॅस सोडावा लागतो. तोही सोडला, फक्त अमरावतीच्या लग्नाचे चार दिवस राहिले. परत आलो तर बाटली टम्म फुगलेली, झाकणातून ओघळलेलं पाणी बुडाशी साचलेलं. बाटली उचलली, तर काळ्या कडप्प्यावर पांढुरकं गोल कडं. सासूबाईंनी वास घेतला आणि विचारलं, "काहून वं, घरात संत्र्याची दारू काढून राहिली का?"

कडप्पा म्हणजे चुनखडीचा दगड. आंबट काहीही त्याला खातं, मग ते लिंबू असो, व्हिनेगर असो की हे पाणी. शहाबादी, कोटा, संगमरवर, सगळ्यांचं तेच. 'नैसर्गिक आहे, काही होत नाही' म्हणणाऱ्यांपैकी एकानेही हे सांगितलं नाही. ग्रॅनाइटचा ओटा असणाऱ्यांनी पुढे जावं. मी खोबरेल चोळलं. दोन दिवस कडं गायब, तिसऱ्या दिवशी हजर. परत चोळलं, परत हजर. पाहुणे आले की माझी नजर आधी तिथेच जाते.

एप्रिलमध्ये पाणी गाळलं, तेव्हा 'एक स्टार' असंच मनात होतं. फरशी पुसायला जरा सढळ हाताने टाकलं तर पाय चिकटायला लागले, गूळच तो. मग अर्ध्या बादलीला दोन झाकणं एवढंच केलं, ते जमलं. आमच्याकडे टाइल्स आहेत म्हणून. पण खरं मत बदललं ते मोरीत. बोअरच्या पाण्याने बादल्या-मगांवर जो पांढरा थर बसतो, तो घासून घासून माझी बोटं गेली होती. मग रात्रभर या पाण्यात बुडवून ठेवला, सकाळी थर नुसत्या जाळीने निघाला. दोन स्टार वाढवले.

मेमध्ये ऐन उन्हात कूलरचा पंप अडकला. त्यावर हे पाणी वापरावं तर ते संपत आलेलं. इतवारीच्या किराणा ओळीतून निंबूसत (सायट्रिक अ‍ॅसिड) आणलं, कोमट पाण्यात दोन चमचे घातलं, पंपाची जाळी आणि पंखा काढून त्यात टाकला. फसफसलं, आणि तासाभरात क्षार साफ. मग तीन महिने गूळ का वाया घालवला, हा प्रश्न मी अजून नवऱ्यासमोर काढलेला नाही. (कूलरची टाकी पत्र्याची असेल तर त्यात ओतू नका, जस्ताचा मुलामा जातो.)

बाकीचं थोडक्यात. सोडा आणि व्हिनेगर एकत्र करून जो फेस येतो तो तमाशा आहे. दोघं एकमेकांना मारतात, उरतं खारट पाणी. वेगवेगळे वापरा. रिठ्याने रेशमी साडी छान निघाली, यांचे पांढरे बनियान मात्र पिवळट झाले. संडासासाठी मी दुकानातल्या अ‍ॅसिडवाल्या क्लीनरच्या जुन्या बाटलीवर परत आले, त्याची लाज नाही. फक्त ती बाटली आणि ब्लीचिंग पावडर कधीही एकत्र नको, क्लोरीन वायू सुटतो. ब्लीचिंगसोबत निंबूसत किंवा हे पाणीसुद्धा नको.

या हिवाळ्यात परत घालणार आहे, कारण साली फेकवत नाहीत. बाटली गच्चीवर, टबमध्ये, आणि कुठे गावाला जायचं असेल तर झाकण सासूबाईंकडे. पॉलिशवाल्याला नको म्हटलं. कड्यावर मिठाची बरणी ठेवली आहे, मापाची बरोब्बर. आमच्याकडे आलात तर ती हलवू नका.