बिल इंजेक्टरचं, भेग मात्र व्हॅक्यूम पाइपला

पेट्रोल गाडी सिग्नलला थरथरतेय आणि गॅरेजवाला लगेच ‘इंजेक्टर गेले’ (म्हणजे इंजिनात पेट्रोल फवारणारे नोझल बिघडले) म्हणतोय? पैसे देण्याआधी हे वाचा.

नाशिकच्या द्वारका सर्कलला आमची गाडी उभी राहिली की आरपीएम वर-खाली व्हायचा, चेक इंजिनचा दिवाही लागलेला. नाशिकच्याच एका गॅरेजमध्ये स्कॅनर लावला. कोड आला पी०१७१, म्हणजे हवा जास्त, पेट्रोल कमी. ‘इंजेक्टर चोकअप, फ्युएल पंप वीक’ असं सांगून २६ हजार घेतले. थोडे दिवस गाडी मस्त चालली, मग पुन्हा तेच रडगाणं.

अंबडच्या एका फिटरने बॉनेट उघडून आधी नुसतं ऐकलं. इनटेक मॅनिफोल्डला, म्हणजे इंजिनात हवा नेणाऱ्या नळ्यांना, जाणाऱ्या व्हॅक्यूम पाइपपाशी बारीक ‘सूं’ येत होतं. पाइप पकडीने दाबला आणि आरपीएम जागेवर आला! काढून पाहिलं तर खालच्या अंगाला भेग, तिच्यावर व्यवस्थित गुंडाळलेली काळी टेप, तेलाच्या वाफेने सुटलेली. त्या पाइपला पहिल्या गॅरेजशिवाय कुणाचा हात लागलेला नाही. म्हणजे त्यांना भेग दिसली होती. तीनेकशे रुपयांचा पाइप बदलायचा सोडून त्यांनी ती झाकली. याचा मला अजूनही संताप येतो.

आमच्या गाडीला एअरफ्लो सेंसर, म्हणजे आत येणारी हवा मोजणारा सेंसर आहे. भेगेतून घुसलेली हवा त्याला दिसतच नाही, त्यामुळे कॉम्प्युटर पेट्रोल कमी सोडतो. मग एक्झॉस्टमधला ऑक्सिजन सेंसर ‘हवा जास्त’ म्हणून ओरडतो आणि कॉम्प्युटर पेट्रोल वाढवत जातो. त्या वाढीला फ्युएल ट्रिम म्हणतात. पहिल्या गॅरेजच्याच स्कॅनर प्रिंटमध्ये ट्रिम आयडलला (रेस न देता इंजिन चालू असताना) +२२ टक्के होता, २५०० आरपीएमला +४. आयडलला थ्रॉटल, म्हणजे हवेची झडप, जवळजवळ बंद, इंजिनची ओढ जोरात, म्हणून चोरटी हवा जास्त भोवते. रेस केल्यावर एकूण हवेत तिचा वाटा नगण्य. पंप कमजोर असता तर उलट झालं असतं, लोड आल्यावर ट्रिम चढला असता.

हवेऐवजी मॅनिफोल्डमधला दाब मोजणाऱ्या मॅप सेंसरच्या गाडीत मात्र मॅनिफोल्डचा वाढलेला दाब सेंसरला कळतो आणि पेट्रोलही वाढतं, त्यामुळे तिथे बहुधा आयडलच चढून बसतो.

तेव्हा दोन्ही आरपीएमचे ट्रिम मागा, स्मोक टेस्ट (धूर सोडून गळती शोधणं) करून घ्या, बदललेले पार्ट परत घ्या. आम्हाला जुने इंजेक्टर ‘भंगारात गेले’ असं सांगितलं. प्रिंट, बिल आणि टेपसकट तो पाइप जपून ठेवलाय. १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार दिली आहे; पैसे परत आले नाहीत तर जिल्हा ग्राहक आयोगात जाणार.