छतात की भिंतीत? घरात स्पीकर बसवण्याआधी

फॉल्स सीलिंगचं काम सुरू होण्याआधीच हा निर्णय घ्यावा लागतो. जिप्सम बोर्डाचे सांधे भरून एकदा रंग लागला, की वायर ओढायची म्हणजे पुन्हा तोडफोड. दुकानात बहुतेकदा सल्ला मिळतो, "सगळीकडे छतातलेच लावा, दिसत नाहीत." घरभर गाणी ऐकायला हा सल्ला चांगला आहे. सिनेमाच्या खोलीसाठी मात्र तो अजिबात ऐकू नका.

स्वयंपाकघर, बेडरूम, पॅसेज इथे आपण ठाण मांडून ऐकत नाही. भाजी चिरता चिरता गाणं कानावर पडत असतं. तिथे छतातले साडेसहा इंची गोल स्पीकर उत्तम. एकच मोठ्याने वाजवण्यापेक्षा दोन हळू वाजवावेत, आवाज सारखा पसरतो. बाथरूममध्ये दोन मावत नसतील तर डावा-उजवा दोन्ही चॅनल एकत्र वाजवणारा, दोन ट्वीटरचा (बारीक, उंच सुरांचे छोटे स्पीकर) एकच स्पीकर मिळतो. घर समुद्राजवळ असेल तर स्पीकरचा कोन, म्हणजे हलणारा शंकूसारखा पडदा, पॉलिप्रॉपिलीन प्लास्टिकचा आणि त्याची कड रबराची आहे ना, हे बघून घ्या. फोमची कड दमट हवेत काही वर्षांत भुसभुशीत होते.

सिनेमाचं गणित वेगळं. समोरचे तिन्ही स्पीकर, डावा, उजवा आणि मधला, बसल्यावर कानाच्या उंचीच्या आसपास हवेत. संवाद मुख्यतः मधल्यातून येतात. एका नातेवाइकांकडे तो छतात बसवलेला होता. पडद्यावर आई मुलाशी हळू आवाजात बोलत होती आणि शब्द येत होते पंख्याच्या बाजूने. तिरका करता येणारा ट्वीटर असला तर थोडा फरक पडतो, पण आवाज वरचा तो वरचाच. डॉल्बी अॅटमॉस या वरूनही आवाज देणाऱ्या सराउंड पद्धतीमध्ये छतातल्या स्पीकरना हक्काची जागा आहे. 5.1.2 म्हणजे कानाच्या पातळीचे पाच स्पीकर, एक सबवूफर (खोल, घुमणाऱ्या आवाजाचा स्पीकर) आणि वरचे दोन. शेवटचा 2 त्यांचाच: पाऊस, हेलिकॉप्टर, वरून जाणारं विमान.

मग समोरचे भिंतीत बसवावेत का? भिंतीत बसवायचे स्पीकर मुळात लाकडी चौकटीच्या पोकळ भिंतींसाठी बनलेले असतात. आपली चार इंची विटांची भिंत त्यासाठी कोरू नये, आणि नव्या टॉवरमधल्या मायवान (अॅल्युमिनियमच्या साच्यात ओतलेल्या) काँक्रीटच्या भिंतीला तर हातच लावू नये. त्यापेक्षा टीव्हीमागे 19 एमएम प्लायचं पॅनेल पाचेक इंच पुढे घ्या, आत ग्लासवूल भरा आणि पाठीमागे बंद डबा असलेले स्पीकर निवडा. ठोकल्यावर पॅनेल थरथरत असेल तर आणखी आधार द्या. एवढं करायचं नसेल तर समोर सरळ उभे स्पीकर ठेवा. तेवढ्याच पैशात माझ्या कानाला तेच जास्त आवडतात. सबवूफर जमिनीवर.

बेडरूमच्या छतातल्या स्पीकरलाही मागे डबा हवाच. नाहीतर आवाज सीलिंगच्या पोकळीतून शेजारच्या खोलीत जातो आणि झोपलेलं बाळ उठतं.

वायर शुद्ध तांब्याची, 16 गेजची घ्या. तांब्याचा मुलामा दिलेली अॅल्युमिनियमची नको. आमच्याकडे स्पीकरच्या भोकाच्या जागी नेमका जीआय चॅनल, म्हणजे सीलिंगच्या चौकटीची लोखंडी पट्टी, आला आणि एक स्पीकर दहा इंच सरकवावा लागला. आज तो लाइटच्या रांगेतून बाहेर दिसतो. सीलिंगची चौकट चढण्याआधी स्पीकर आणि लाइटच्या जागा जमिनीवर खडूने आखा, आणि कारागीर शिडीवर चढण्याआधी त्याला त्या समोर उभं राहून दाखवा.