घोट्यावर कापलेला नवरदेव दिसला होता, तरी ९७,००० रुपये गेले

लग्नाच्या फोटोंसाठी ठरले होते ८५,०००. बुकिंगला २५,०००, लग्नाच्या आठ दिवस आधी ३५,०००, हळदीच्या रात्री "कँडिडवाल्याचं आधी भागवावं लागतं" म्हणून १५,००० रोख. लग्न झाल्यावर "डेटा हवा असेल तर" आणखी २२,०००. एकूण ९७,००० देऊन हातात ३१२ फोटोंचा पेनड्राइव्ह आला. त्यात नवरदेव, म्हणजे माझा धाकटा भाऊ, धड दिसतो असे फोटो ९.

दुसऱ्याचे फोटो आपले म्हणून दाखवायचे, आगाऊ पैसे घ्यायचे आणि रोजंदारीवरची पोरं पाठवायची, हे सगळ्यांना माहीत आहे. मलाही होतं. चीड याची येते की खूण डोळ्यांसमोर होती. फोटोग्राफरनं दाखवलेल्या नमुन्यांत कुणीतरी नवरदेव पूर्ण पोशाखात उभा, आणि प्रत्येक फोटो घोट्यावर कापलेला. मोजड्या एकाही फोटोत नाहीत. उभं पोर्ट्रेट घोटा, गुडघा, मनगट अशा सांध्यांवर कापत नाहीत, हे कॅमेरा धरणाऱ्याला पहिल्या महिन्यात कळतं. खालची पट्टी उडवली होती, कारण तिथे मूळ फोटोग्राफरचं नाव होतं. मी ते पाहिलं आणि "अल्बमच्या मापासाठी कापलं असेल" अशी स्वतःची समजूत घातली. लिहितानाही लाज वाटते. पण लग्नघरात शंभर कामं होती, तारखा भरत चालल्या होत्या, आणि तो माणूस लेन्सबद्दल अचूक बोलत होता.

निवडक नमुने बघूच नका. एकाच लग्नाचे सलग तीनशे फोटो मागा. नमुना गूगल लेन्सवर टाका, तोच फोटो नेटवर आणखी कुठे आहे ते कळतं. आम्ही टाकला तो लग्नानंतर.

नवरदेवाकडे आलेल्या पोराकडे एक कॅमेरा, कॅमेऱ्यासोबत येणारी साधी १८-५५ किट लेन्स, एकच कार्ड. फ्लॅश थेट तोंडावर. मुंडावळ्यांची सावली गालांवर दोरीसारखी उमटली, फेट्याची जर पांढरीफटक झाली. कार्यालयाचं छत पांढरं आणि बुटकं होतं, फ्लॅश वर वळवला असता तर दोन्ही टळलं असतं. मंगलाष्टकांना शटर १/५०० सेकंदाला, त्यामुळे एलईडीखाली फोटोभर आडवे पट्टे. आपली वीज ५० हर्ट्झची, तिच्यावर असे दिवे डोळ्यांना न दिसता लुकलुकतात, म्हणून त्यांच्याखाली १/१०० वर यावं लागतं. अंतरपाट दूर झाला तेव्हा दोन फोटोग्राफरांपैकी एकानं नवरीच्या खांद्यामागे असायला हवं होतं. दोघंही नवरदेवाच्या पाठीशी उभे. त्या क्षणाचा आमच्याकडे फक्त फेट्याचा शेमला आहे.

करारात "दोन फोटोग्राफर" लिहून भागत नाही. येणाऱ्यांची नावं लिहून घ्या, एकाच वेळी दोन कार्डांवर फोटो उतरवणारा कॅमेरा लिहून घ्या.

पोलिसांकडे तीन खेपा झाल्या. पहिल्यांदा साहेब बंदोबस्ताला. दुसऱ्यांदा "हा दिवाणी मामला आहे, वकील करा". तिसऱ्यांदा "फोटो मिळाले ना?" अहो, परक्याचं काम आपलं म्हणून दाखवून पैसे उकळणं ही फसवणूक नाही, तर भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८ कशासाठी आहे? अर्जाची पोहोचसुद्धा दिली नाही. ग्राहक तक्रारीसाठी फोन केला, तर समोरच्याला एक मेल गेला, उत्तर आलं नाही, आणि तक्रार "निकाली" निघाली!

डेटासाठी २२,००० दिले ही दुसरी चूक. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम १७ प्रमाणे, पैसे देऊन काढवून घेतलेल्या फोटोंचा पहिला हक्क पैसे देणाऱ्याचा, वेगळा करार नसेल तर. करारात याच्या उलट ओळ असेल तर सही करू नका. शेवटचा हप्ता फाइल्स उघडून बघितल्यावरच द्या.

जिल्हा ग्राहक आयोगात ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, मुदत दोन वर्षांची. रोख दिलेल्या १५,००० ची पावती नाही, ते सिद्ध करणं जड जातंय. अर्जाला कापलेले अकरा नमुने जोडलेत. मूळ फोटोग्राफरनं स्वतःचे पूर्ण फोटो पाठवलेत, मोजड्यांसकट, खाली नावासकट.