पाय खाली पोहोचतो, पण पुढे? अ‍ॅव्हेंजर, मीटिऑर की रोनिन: कमी उंचीच्या चालकासाठी

माझी उंची चार फूट अकरा इंच. अनवाणी उभं राहिलं की जांघेपासून जमिनीपर्यंतचं अंतर भरतं ६८ सेंटिमीटर. मोटरसायकल निवडताना पहिल्यापेक्षा हा दुसरा आकडा कामाचा, कारण सारख्याच उंचीच्या दोन माणसांच्या पायांत दीड-दोन इंचांचा फरक सहज निघतो. अजून मोजला नसेल तर आधी तो मोजा. भिंतीला पाठ लावून उभं राहायचं, एक जाड पुस्तक मांड्यांमध्ये वर घट्ट दाबून धरायचं आणि त्याच्या वरच्या कडेशी भिंतीवर पेन्सिलची खूण करायची.

मी साताऱ्यात राहतो. राजवाड्यापासून पोवई नाक्यापर्यंत आमचं जुनं गाव उतारावरच वसलेलं आहे, त्यामुळे गाडी उभी करणं, मागे घेणं, वळवणं हे सगळं चढ-उतारावर चालतं. या गावात मी तीन वर्षं बजाजची अ‍ॅव्हेंजर २२० क्रूझ चालवली, मग मेहुण्याची रॉयल एनफील्ड मीटिऑर ३५० दीड महिना वापरली, आणि गेली दोन वर्षं माझ्याकडे टीव्हीएसची रोनिन आहे. इंजिन, मायलेज, किंमत यांवर भरपूर लिहिलं गेलंय. मी फक्त आपल्यासारख्यांना जे नडतं तेवढंच बोलतो.

सीटची उंची कागदावर अशी आहे: अ‍ॅव्हेंजर ७३७ मिलिमीटर, मीटिऑर ७६५, रोनिन ७९५. एवढं वाचलं की निर्णय झाल्यासारखा वाटतो. मीही तसाच घेतला होता. पण स्प्लेंडर आठवा. तिची सीट ७८५ मिलिमीटर, म्हणजे मीटिऑरपेक्षा उंच. तरी माझ्याएवढ्या उंचीची कितीतरी माणसं तिच्यावर शिकली आणि आजही बिनधास्त चालवतात. तिचं वजन ११२ किलो आणि सीट पुढे अरुंद, म्हणून पाय सरळ खाली जातो. सीट रुंद असली तर मांडी आधी बाहेर पसरते आणि मगच पाय खाली वळतो, त्यात इंचभर उंची अशीच वाया जाते. कागदावरच्या आकड्यात यातलं काहीच दिसत नाही.

अ‍ॅव्हेंजरबद्दल आधी चांगलं सांगतो, कारण तिचे उपकार आहेत. वर्षानुवर्षं बोटांच्या टोकांवर सिग्नलला उभं राहिलेल्या माणसाला दोन्ही पाय पूर्ण टेकणं म्हणजे काय असतं ते इतरांना समजावणं अवघड आहे. डावा तळवा सपाट, उजवी टाच जेमतेम उचललेली. पहिल्या आठवड्यातच लक्षात आलं की आपले खांदे इतकी वर्षं आवळलेले असायचे. १६३ किलो वजन असूनही ती जड वाटत नाही, कारण सगळं वजन खाली आहे. पहिलं वर्षभर जो कोणी कमी उंचीचा भेटेल त्याला मी हीच गाडी घ्यायला सांगत होतो.

मग पावसाळ्यात कास, बामणोलीकडे जाणं वाढलं, आणि यवतेश्वरचा घाट उतरताना एक गोष्ट खुपायला लागली. अ‍ॅव्हेंजरचे फूटरेस्ट पुढे आहेत, क्रूझरची, म्हणजे पाय पुढे सोडून रेलून बसायच्या गाडीची, बैठकच तशी असते. मागच्या ब्रेकचा पेडल त्याहून थोडा पुढे. सीटच्या खोलगट भागात पाठ टेकून बसलो की माझा पाय फूटरेस्टवर पोहोचतो, पण पेडल जोरात दाबायचा तर गुडघा पूर्ण सरळ होतो आणि दाब फक्त बोटांनी द्यावा लागतो. बोटांनी दिलेल्या दाबात अंदाज राहत नाही. म्हणून मी दोन इंच पुढे सरकून बसायचो. सरकलो की पाठीचा आधार गेला, आणि माकडहाड सीटच्या उतरत्या भागावर आलं.

एवढ्यावर भागलं असतं. पण खड्डा किंवा स्पीडब्रेकर आला की आपण काय करतो? नकळत फूटरेस्टवर जोर देऊन कंबर जराशी उचलतो. पाय शरीराच्या खाली असले तरच ते जमतं. पाय पुढे ताणलेले असले की अंग उचलताच येत नाही, आणि प्रत्येक दणका थेट कण्यात जातो. उंच माणूस त्याच गाडीवर पाठ टेकून, गुडघे सैल ठेवून बसतो, त्याला हा त्रास नाही. यात गाडीचा दोष मी मानत नाही. माझा पाय खाली पोहोचत होता, पुढे पोहोचत नव्हता, आणि गाडी घेताना मी फक्त खालचं पाहिलं होतं.

एका रविवारी कासला जाऊन येताना मी ठरवून लक्ष ठेवलं की पाय जमिनीला किती वेळा लागतो आणि मागच्या ब्रेकवर किती वेळा जातो. जमिनीला अकरा वेळा लागला. ब्रेकची मोजणी उतरताना तिसऱ्या वळणावरच सोडून दिली.

उपाय करून पाहिले. पेडलच्या नटाने त्याची उंची कमी-जास्त होते, पण तो मागे येत नाही. पाठीमागे चार इंचांची घट्ट उशी बांधली, त्याने मी पुढे राहिलो आणि खरंच आराम पडला. तुम्ही अ‍ॅव्हेंजरच घेणार असाल तर हा उपाय पहिल्या दिवशीच करा. पण तेवढं पुढे बसल्यावर हँडल पोटाशी येतं, आणि एरवी पूर्ण वळवताना उलटी अडचण असते: बाहेरच्या बाजूची मूठ इतकी लांब जाते की आखूड हाताला खांदा ओढावा लागतो. गल्लीत गाडी वळवताना क्लच किंवा ॲक्सिलरेटर नेमका त्याच क्षणी हातातून निसटायला बघतो.

मीटिऑरबद्दल थोडक्यात. दोन्ही पायांचे चवडे टेकतात, टाचा वर राहतात. फूटरेस्ट पुढेच आहेत, पण माझ्या पायाला अ‍ॅव्हेंजरइतके लांब वाटले नाहीत. गिअरची पट्टी पुढून-मागून दोन्हीकडून दाबता येते, त्यामुळे बूट पट्टीखाली घालायची कसरत वाचते. खंबाटकी घाटातून पुण्याला जाताना तिघींत सगळ्यात निवांत हीच वाटली, महामार्गावर डगमगतसुद्धा नाही. अडचण उभी असतानाची आहे. १९१ किलो वजन चवड्यांवर पेलून मागे ढकलता येत नाही. आमच्या इमारतीतलं पार्किंग भिंतीकडे उतरतं आहे, म्हणजे सकाळी गाडी चढावर मागे घ्यायची. टाच टेकत नसली की पायाला रेटा मिळत नाही, ओल्या फरशीवर तर चवडा नुसता घसरतो. यावर तोडगा आहे: रात्रीच गाडी उलटी लावायची. पुढचा ब्रेक हातात धरून उतारावरून मागे सोडत न्यायची आणि सकाळी सरळ बाहेर काढायची. दीड महिना मी तेच केलं. पण हॉटेलसमोर, देवळापाशी, बाजारात कोणी आपल्यापुढे गाडी लावून गेलं की प्रत्येक वेळी उतरूनच ती ओढावी लागायची.

रोनिनवर पहिल्यांदा बसलो तेव्हा एका पायाचा अंगठा टेकला, दुसरा पाय हवेत. लगेच उतरलो. पण चालवून पाहताना दोन गोष्टी जाणवल्या. ब्रेक बरोबर पायाखाली होता, आणि साधारण १६० किलो वजन मीटिऑरच्या तुलनेत फारच हलकं वाटत होतं. घरी येऊन दोन दिवस विचार केला. सीट कापता येते, स्प्रिंग मऊ करता येतो, बुटाला तळ लावता येतो. फूटरेस्ट आणि पेडल मात्र सहजासहजी मागे आणता येत नाहीत. म्हणजे उंच गाडी थोडी खाली आणणं माझ्या हातात होतं, लांब गाडी जवळ आणणं नव्हतं. माझ्यापुरता निर्णय तिथे झाला.

आता काय बदललं ते नीट सांगतो, कारण इथेच चुका होतात.

पहिली चूक मी सीटमध्ये केली. कारागिराला नुसतं ‘सीट खाली करा’ म्हणालो. त्याने मधला फोम वाडग्यासारखा खोल कापला. उंची कमी झाली, पण ब्रेक मारला की मी घसरत टाकीवर जायचो, आणि तासाभराने खालचं प्लॅस्टिक टोचायला लागायचं. दुसऱ्या वेळी मूळ सीट बाजूला ठेवली, दुसरी सीट विकत घेतली आणि कारागिराशेजारी स्टूल टाकून बसलो. या वेळी मधून इंचभरच काढलं, पण मांड्या जिथून खाली उतरतात ते पुढचे दोन्ही खांदे चांगले तासून घेतले. बसायची जागा सपाट ठेवली आणि काढलेल्या मऊ फोमच्या जागी घट्ट फोम भरला. फोम, नवं रेक्झिन आणि मजुरी मिळून मला अकराशे रुपये पडले. पायाला जो फरक पडला त्यातला निम्म्याहून जास्त खांदे तासल्याने पडला, असं मला वाटतं. रेक्झिनची शिवण बसायच्या जागेवर येऊ देऊ नका, पावसाचं पाणी तिथूनच आत जातं.

दुसरी गोष्ट मागच्या शॉकअपची. माझं वजन ५४ किलो. कमी उंचीची माणसं बहुधा हलकीही असतात, त्यामुळे आपण बसल्यावर गाडी हवी तेवढी दबतच नाही. स्प्रिंग सर्वांत मऊ खाचेवर आणला आणि बसल्यावर गाडी जाणवण्याइतकी खाली गेली. यात खर्च काहीच नाही. मागे कोणी बसणार असेल तर मात्र तो पुन्हा घट्ट करावा लागतो.

पुढचे फोर्क, म्हणजे पुढचं चाक धरणाऱ्या दोन नळ्या, वर सरकवून गाडी आणखी खाली घेऊन देतो, असं दोन-तीन मेकॅनिक म्हणाले. मी हात लावू दिला नाही. फक्त पुढून खाली घेतली तर हँडल जास्त चपळ होतं, घाटात ते मला नको होतं. पुढून-मागून दोन्हीकडून खाली घेतली तर साइड स्टँड लांब पडतो, गाडी जवळजवळ उभीच राहते आणि वाऱ्यानेसुद्धा पलीकडे पडू शकते. मग स्टँड कापून वेल्डिंग करणं आलं. रोनिनचा ग्राउंड क्लिअरन्स, म्हणजे जमिनीपासून गाडीच्या पोटापर्यंतचं अंतर, १८१ मिलिमीटर आहे, त्यामुळे ज्यांना करायचंच आहे त्यांच्यासाठी जागा आहे. बामणोलीच्या रस्त्यावर मला तो सगळाच्या सगळा हवा होता.

बुटाला अर्ध्या इंचाचा रबरी तळ शिवून घेतला. त्याने बूट गिअरच्या पट्टीखाली जाईना, म्हणून पट्टी एक दाता वर बसवली. क्लचचा लिव्हर हँडलच्या जवळ घेतला. एवढ्यावर आता माझा डावा चवडा पूर्ण टेकतो आणि उजव्याची बोटं लागतात.

दोन्ही पाय टेकत नाहीतच, आणि हे आधीच मान्य करूनच ही गाडी घ्यावी. थांबताना कंबर किंचित डावीकडे सरकवायची, डावा पाय खाली, उजवा ब्रेकवर. पाय फूटरेस्टच्या पुढून सोडायचा, नाहीतर फूटरेस्ट पोटरीला लागून पाय बाहेर ढकलला जातो. आणखी एक गोष्ट मला फार उशिरा कळली. आपला रस्ता मधे उंच आणि कडेला उतरता असतो. कडेला थांबलं की डावा पाय नेमका खोलगट बाजूला जातो, दोन इंच सहज कमी पडतात. मी आता सिग्नलला कडेला न जाता लेनच्या मधोमध थांबतो, आणि थांबण्याआधी खडी किंवा ऑइल कुठे सांडलंय ते पाहून पाय कुठे ठेवायचा ते ठरवतो. महिनाभरात याची सवय होते. चढावर मागे घ्यायची असेल तर मी सरळ उतरतो, १६० किलो डाव्या बाजूने कमरेला टेकवून ढकलता येतात.

तुमचं गाव सपाट असेल, दिवसभर सिग्नल ते सिग्नल चालवायचं असेल, गुडघा दुखत असेल किंवा एकदा पडल्याची भीती मनात असेल, तर अ‍ॅव्हेंजर तुम्हाला जो धीर देईल तो बाकी दोघी देणार नाहीत. ज्यांचे पाय उंचीच्या मानाने लांब आहेत त्यांना तर माझी तक्रार जाणवणारही नाही. महिन्यातून दोनदा पुणे-कोल्हापूर करणाऱ्याने आणि घरी सपाट पार्किंग असणाऱ्याने मीटिऑर जरूर पाहावी. घाट, खड्डे आणि रोजचा चढ-उतार असेल तर मी रोनिनसारखी हलकी गाडी घेऊन ती आपल्या मापाची करून घ्या म्हणेन. तिन्ही शक्य असतील तरी मी पुन्हा तीच घेईन.

शोरूममध्ये गुळगुळीत फरशीवर बसून ठरवू नका. रोजचे बूट घालून जा आणि गाडी बाहेर रस्त्याच्या कडेला काढायला सांगा. पाय टेकून पाहाल तसंच पाठ सीटच्या मागच्या कडेला लावून मागचा ब्रेक शेवटपर्यंत दाबून पाहा, गुडघ्यात थोडा बाक उरतो का ते बघा. मग हँडल दोन्हीकडे पूर्ण वळवून बाहेरची मूठ हातात राहते का ते पाहा. जागेवर उभ्या गाडीवर ही दोन मिनिटांची तपासणी मी पहिल्या वेळी केली असती, तर तीन वर्षं उशी बांधून हिंडलो नसतो.